शिकलेला पाय

संजीवनी इंगवलेंच्या घरात अडगळ टिकत नसे. मंगळवार पेठेत त्यांचा लौकिकच तसा होता. जुनी साडी बोहारणीच्या पाटीत गेली की पातेलं होऊन परत यायची, फुटक्या बादलीची कुंडी व्हायची, आणि ज्याचं काहीच होऊ शकत नाही ते शिरोली रस्त्यावरच्या फेरवापर केंद्रात जायचं. तिथं गादी उसवून कापूस आणि काथ्या वेगळा करणारं यंत्र होतं. जुन्या ट्यूबलाइटमधला पारा ओढून घेणारी पेटी होती. विटलेल्या देवांच्या तसबिरी लोक पूर्वी पिंपळाखाली ठेवून मागं न बघता पळ काढायचे. आता केंद्रात काच एकीकडं, चौकट एकीकडं होई आणि कागद पाण्यात विरघळवून झाडांना घातला जाई. देवाचीसुद्धा सोय लागली होती.

पण नवऱ्याच्या पायाचं काय करावं, ते काही संजीवनीताईंना कळेना.

पाय म्हणजे कृत्रिम पाय, मांडीच्या मध्यापासून खालचा, डावा. जयसिंगराव इंगवले फौंड्रीत मोल्डर होते. क्रेनवरून सुटलेली साच्याची पेटी पायावर पडली आणि त्यांचा स्वतःचा पाय गेला. त्यानंतरची सगळी वर्षं ते या दुसऱ्या पायावर चालले. गेल्या ज्येष्ठात झोपेतच गेले. पाय कॉटशेजारी चार्जिंगला लावलेला होता. माणूस गेला आणि पाय मात्र सकाळी पूर्ण चार्ज झालेला, हे संजीवनीताईंना फार लागलं.

तेराव्याला छत्री दिली, चपला दिल्या, अंथरूण दिलं. पाय तेवढा उरला. बोहारणीला विचारलं तर तिनं पदर तोंडाला लावला. “अगं बाई! ह्याच्या बदली मी तुमाला काय देऊ, आनि नेऊन कुनाला देऊ?” भंगारवाल्यानं आत बॅटरी आहे हे बघून हात जोडले. मुलगा हर्षवर्धन बेंगळुरूला. तो फोनवरून म्हणाला, “आई, नुसतं ठेवलं की अशा बॅटऱ्या फुगतात. आग लागेल एखाद्या दिवशी. केंद्राला देऊन टाक.” उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! पण पोरगं बरोबर बोलत होतं, हे त्यांनाही कळत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती. तोवर रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की त्या पाय चार्जिंगला लावत.

खंडेनवमी आली. घरात वर्षभर सण करायचा नव्हता, पण हत्यार कोरडं ठेवायचं नाही हा जयसिंगरावांचा नेम. फौंड्रीत असताना ते साच्यांची पूजा करायचे, पाय आल्यावर पायाची. या वर्षी संजीवनीताईंनी केली. हळद वाहिली. कुंकू तेलात कालवून गुडघ्याला लावलं. खाली घोट्याजवळ बाहेरच्या अंगाला टिकलीएवढी काळी चकचकीत काच होती. देवानं जागा करून ठेवावी तशी ती त्यांना दिसली. तिच्यावर त्यांनी बरोबर बोट टेकवलं.

दिवाळी झाल्यावर केंद्राचा निरोप आला. शिकणारी वस्तू मालकामागं सहा महिन्यांहून अधिक घरात ठेवता येत नाही, घेऊन या. संजीवनीताईंनी पाय जयसिंगरावांच्या धुवट टॉवेलात गुंडाळला आणि रिक्षा केली.

केंद्रात अशा वस्तूंचा विभाग गिरिजा तेरदाळे नावाची चाळिशीची बाई सांभाळत होती. टेबलावर श्रवणयंत्रं, चाकाच्या खुर्च्या, हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्यांना जेवू घालणारे चमचे. हल्ली न शिकणारी वस्तू मिळते कुठं? कूट कुणाला किती जाडसर लागतं, ते मिक्सरसुद्धा शिकतो.

“ह्यांचं बोलणं-बिलणं काही असतंय का हो ह्यात?” संजीवनीताईंनी भीत भीत विचारलं.

“नाही काकू. फक्त चाल आहे.” गिरिजानं पाय उलटा करून दाखवला. “मांडीला टेकतो त्या वाटीत स्नायूंची हालचाल ओळखणारे संवेदक आहेत. टाचेत दाब मोजणारे. आणि घोट्याजवळ हा डोळा. तो न दिसणारा प्रकाश सोडतो आणि पायरी, दगड, आडवं आलेलं कुत्रं किती लांब आहे ते ओळखतो. गुडघा कधी सोडायचा आणि कधी धरायचा, ते पोटरीतली चिप ठरवते.”

“तिला सांगतंय कोण?”

“कुणीच नाही. तुमचे मालक चालले, अडखळले, सावरले. प्रत्येक पावलाला चिपमधल्या बारीक जोडण्या कुठं जाड झाल्या, कुठं झिजल्या. लोक जाऊन जाऊन पायवाट पडते ना, तसं. म्हणून तर ह्याची प्रत काढता येत नाही. फोटो काढून पायवाट दुसरीकडं नेता येत नाही.”

मग तिनं दोन मार्ग सांगितले. चिपमधून उलटा प्रवाह सोडला की वाटा बुजतात आणि पाय कोरा होतो. कोरा पाय नव्या माणसाला शिकवायला बरेच महिने जातात, आणि तेवढ्यात तो किती वेळा आपटेल त्याला गणती नाही. न पुसता दिला तर मुरलेला पाय मिळतो; नवा माणूस थोड्या आठवड्यांत चालू लागतो, आणि पुढं हळूहळू त्याची स्वतःची वाट पडत जाते. “पण ती चाल तुमच्या माणसाची. ठेवायची का पुसायची, ते वारसानं सांगायचं. तुम्ही म्हणाल तसं.”

“पुसू नका,” संजीवनीताई पटकन म्हणाल्या. आणि गिरिजा फडकं घेऊन पाय स्वच्छ करायला लागली तेव्हा पुन्हा म्हणाल्या, “कुंकूसुद्धा पुसू नका तेवढं.”

गिरिजाचा हात थांबला. समोर बसलेल्या बाईचं कपाळ मोकळं होतं. यंत्रानं तपासणीत ‘डोळ्याला कमी दिसतं’ अशी सूचना दिली होती. धूळ असेल, असं म्हणून गिरिजानं ती बाजूला सारली आणि फडकं खाली ठेवलं. आपल्याकडच्या कुणीही तेच केलं असतं.

पाय ज्या मुलीला मिळाला तिचं नाव तबस्सुम मुजावर. पेठेच्या मुलींच्या संघात ती फुटबॉल खेळायची. शिरोली नाक्यावर ट्रकनं स्कूटरला उडवलं आणि डावा पाय गेला. कोल्हापुरात फुटबॉल सुटला म्हणजे अर्धं आयुष्य सुटलं. पण ही पोरगी हट्टाची. खेळता येत नाही तर शिट्टी वाजवीन, म्हणाली. शिकणारे पाय लावलेल्या पंचांना मैदानात घ्यायला संघटना नुकतीच तयार झाली होती. अट एकच, हंगाम सुरू व्हायच्या आधी धावण्याची परीक्षा पास व्हायची. कोरा पाय घेतला असता तर हे वर्ष गेलंच होतं.

तिच्यासाठी नवी वाटी बनवली, नळीची उंची जुळवली, आणि पहिल्या दिवशी दोन दांड्यांच्या मधून ती चालली तेव्हा गिरिजानं संजीवनीताईंनाही बोलावलं. तबस्सुमनं डावं पाऊल उचललं. टेकायच्या आधी टाच किंचित बाहेर वळली. फौंड्रीत जमिनीवर उडालेले लोखंडाचे शिंतोडे चुकवत चालायची जयसिंगरावांची सवय होती. ती त्यांच्याकडून या पायाला लागली होती, आणि आता चोवीस वर्षांची एक मुलगी, जिनं फौंड्री आतून कधी पाहिली नव्हती, ती तशीच टाच वळवत येत होती. संजीवनीताई दांडीपर्यंत पुढं आल्या आणि वाकून त्या टाचेकडं बघू लागल्या.

“काय झालं, काकू?” तबस्सुम दांडी धरून थांबली.

“काही नाही गं. तू चाल. थांबू नको.”

त्यानंतर तबस्सुम त्यांच्या घरी यायला लागली. आधी आभार मानायला, मग नुसतीच. खर्डा आणि भाकरी खायची, पेठेतल्या मॅचच्या गप्पा मारायची. जिन्यावर तिची पावलं वाजली की शेजारच्या अक्काताई दचकून दार उघडत. “संजू, मला वाटलं जयसिंगच आला!” संजीवनीताई हसत, पण त्यांनाही रोज तसंच वाटत असे. संध्याकाळी कान जिन्याकडं लागत. एवढं सुख मिळावं असं आपण काय केलं, असं त्यांच्या मनात येई, आणि मग स्वतःच्याच मनाला त्या गप्प बसवत.

तबस्सुमनं पायाला पळायला शिकवलं. पाय हुशार होता, चटकन उचलायचा. मधे गांधी मैदानावर चिखलात सराव झाला आणि घरी येऊन तिनं पाय साबणानं खसाखसा धुतला. घोट्यावरचं कुंकू इतके दिवस तिनं काकूंचं म्हणून सांभाळलं होतं, ते गेलं. त्याची रुखरुख लागली म्हणून पुढच्या सराव सामन्याला ती काकूंना मुद्दाम घेऊन गेली.

संजीवनीताई कठड्यावर बसल्या होत्या. तबस्सुम शिट्टी घेऊन चेंडूच्या मागं पळत होती. छान पळत होती. एवढ्यात तिच्या डावीकडून एक खेळाडू वाऱ्यासारखी निघाली, आणि त्या क्षणी तबस्सुमचा पाय आवरला. कुणी मागून पदर धरावा तसा. उजवा पाय पुढं, डावा मागं, आणि पोरगी तोंडावर आपटली. उठली, पुन्हा पळाली. पुन्हा कुणीतरी डावीकडून आलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पडली तेव्हा हनुवटी फुटली होती.

“पाय बाधलाय ओ हिचा,” कठड्यावरचा एक म्हातारा म्हणाला. “मेलेल्या माणसाचा हाय म्हनं.”

“तुमची जीभ बाधलीय आधी ती बघा,” असं त्याला सुनावून संजीवनीताई मैदानात उतरल्या. तबस्सुम गवतात बसून रडत होती. परीक्षा जवळ आली होती, आणि त्या परीक्षेत पंचाच्या दोन्ही बाजूंनी खेळाडू पळवतात.

दुसऱ्या दिवशी तिघी केंद्रात टेबलाभोवती बसल्या. गिरिजानं पायाची सगळी तपासणी केली आणि पहिल्यांदा आपलीच चूक सांगितली. “डोळ्यावर कुंकू होतं. त्यामुळं इतके दिवस ह्याला शेजारचं काही दिसतच नव्हतं. धुतलं आणि ह्याला दिसायला लागलं. मी तेव्हाच पुसायला पाहिजे होतं.”

“दिसायला लागलं तर बरंच की,” संजीवनीताई म्हणाल्या. “मग पडती कशाला ही?”

गिरिजानं पडद्यावर दोन रेघा काढल्या. “ह्या पायाला दोन चाली येतात, काकू. एकटा असला की ही. झपाझप. तरण्या माणसाला मागं टाकील अशी. आणि डाव्या हाताला कुणी चालत असलं की ही दुसरी. निम्म्यावर येतो. शेजारचं पाऊल टेकलं की मग स्वतःचं पुढं टाकतो. तेही थोडं मागंच.” तिनं विचारलं, “तुमच्या मालकांच्या डावीकडून कोण चालायचं?”

“मी,” संजीवनीताई म्हणाल्या.

लग्नानंतरची कितीतरी वर्षं जयसिंगराव रस्त्यानं पुढं पुढं चालायचे. कुणाच्या लग्नाला हॉलवर पोचून त्यांचं सरबत पिऊन झालेलं असायचं तेव्हा ह्या घामाघूम होऊन फाटकातून शिरायच्या. अपघातानंतर हे थांबलं. दर शुक्रवारी अंबाबाईला दोघं बरोबर जाऊ लागली, सावकाश, खांद्याला खांदा लावून. तोवर संजीवनीताईंचे गुडघे कुरकुरायला लागले होते, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नाही. भेटेल त्याला त्या म्हणत, “ह्यांच्या पायामुळं हळू जावं लागतंय. त्यांना एकटं टाकून कसं जायचं?” लोक म्हणत, बाई असावी तर अशी. शेजारी जयसिंगराव मान डोलवत उभे असत.

आणि हा पाय तर तरण्या माणसाला मागं टाकणारा होता!

“मी सगळ्या पेठेला सांगत फिरले, मी ह्यांच्यासाठी हळू चालते म्हणून,” संजीवनीताई म्हणाल्या. त्यांना हसू यायला लागलं, आणि हसता हसता रडू. “एकदासुद्धा म्हणाले नाहीत हो, की अगं, पाय तुझे दुखतात. सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं.”

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं तर मेल्यावरही गेली नव्हती. माणसानं आयुष्यात जे तोंडानं सांगितलं नाही ते त्याच्या पायानं सांगितलं, आणि सांगितलं तेही एका परक्या पोरीची हनुवटी फोडून.

तबस्सुमचे डोळे भरले होते. “मॅडम, परत कुंकू लावलं तर?” तिनं नाक ओढत विचारलं.

“डोळा झाकून मैदानात घेणार नाहीत तुला. गर्दीत कुणाच्या बुटावर पाय पडला तर तूही मोडशील आणि तीही.” गिरिजानं दोघींकडं बघितलं. “पूर्ण पुसता येतो. पण मग कोरा. ह्या वर्षीची परीक्षा गेली. आणि ही एकच सवय वेगळी काढता येत नाही, ती सगळ्या चालीत मुरलेली आहे.”

“राहू दे मग,” तबस्सुम म्हणाली. “पुसू नका. परीक्षा काय, पुढच्या वर्षी देईन. मी रोज येईन काकू, आपण दोघी रंकाळ्यावर फिरायला जाऊ. तुमच्या डाव्या... माझ्या डाव्या हाताला तुम्ही.”

मनापासून म्हणाली ती. आणि संजीवनीताईंना त्या क्षणी काय वाटलं ते लपवून काय उपयोग? त्यांना हो म्हणावंसं वाटलं. बरं झालं, ह्या वर्षी नको परीक्षा, असं वाटलं. नवरा पुन्हा शेजारून चालणार होता. तेही आता सगळं कळल्यावर. त्या घरी आल्या तरी मनात तेच घोळत होतं. मग त्यांनी भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि मळता मळता त्यांचा त्यांनाच राग आला. पोरीची हनुवटी फुटलीय, आणि तू तिच्या पायात आपला नवरा डांबून ठेवतीस? जुनी साडी बोहारणीला देताना कधी म्हणालीस का, की हिचं पातेलं करू नको म्हणून?

त्यांनी पिठाच्या हातानंच गिरिजाला फोन लावला. “पुसल्याशिवाय दुसरं काहीच नाही का हो?”

गिरिजा म्हणाली, “आहे एक. तबस्सुमसमोर बोलले नाही. पाय शिकला तसाच विसरतोही. डावीकडं कुणी असताना हा थांबायला लागला की तिनं मांडीनं जोर लावून पुढं जायचं. प्रत्येक वेळी ती जुनी वाट जरा बुजते. पण नुसत्या पळणाऱ्या मुली शेजारी घेतल्या तर फार वेळ जाईल. ह्या डोळ्यानं सगळ्यात जास्त कुणाची पावलं बघितलीत, तर तुमची. तुमच्या शेजारून निघून जायला शिकला, तर बाकी कुणासाठी थांबणार नाही.”

“म्हणजे मी चालायचं,” संजीवनीताई सावकाश म्हणाल्या, “आणि त्यानं मला टाकून जायचं.”

“हो काकू. पुन्हा पुन्हा. म्हणून बोलले नाही.”

संजीवनीताईंनी एकच गोष्ट मागून घेतली. सुरू करायच्या आधी रंकाळ्याला एक फेरी.

संध्याकाळची गर्दी होती. भेळेच्या गाड्यांवरून चुरमुऱ्याचा खमंग वास येत होता. तबस्सुम उजवीकडं, संजीवनीताई डावीकडं. संजीवनीताई खाली बघत नव्हत्या, पण शेजारचं पाऊल त्यांचं पाऊल टेकेपर्यंत थांबत होतं, हे त्यांना कळत होतं. उजवा गुडघा जास्त दुखतो म्हणून त्या मधेच जरा रेंगाळल्या, तर पायही रेंगाळला. घाटाच्या पायऱ्यांशी त्या टेकायला थांबल्या, तर पाय आधीच थांबलेला होता. इतकी वर्षं हे आपल्या शेजारी चाललं होतं आणि आपल्याला कळलं नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. आणि कळलं एकदाचं, याचा आनंदही तेवढाच झाला. फेरी संपल्यावर तबस्सुमनं त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गांधी मैदानावर सुरुवात झाली. संजीवनीताई आपल्या चालीनं चालायला लागल्या, तबस्सुम शेजारी आली, पाय थांबला. तबस्सुमनं मांडीनं रेटा दिला. पाय हलेना. पुन्हा रेटा दिला, तर अर्धं पाऊल टाकून परत थबकला आणि ती गुडघ्यावर आली.

“उठ. परत,” संजीवनीताई म्हणाल्या.

“काकू, मला नाही जमत हे. तुम्हाला टाकून जायचं म्हणजे...”

“तुला कोण टाक म्हणतंय? तू पळ. आणि ह्यांचं मी बघते.” मग त्यांनी खाली पायाकडं बघितलं आणि घरात बोलायच्या त्याच सुरात म्हणाल्या, “ऐकलं का? पुरे झालं आता. पोरीला जाऊ द्या. माझे गुडघे माझं मी बघीन.” तबस्सुम रडता रडता हसली.

रोज सकाळी हा खेळ चालू राहिला. मैदानावर फिरायला येणाऱ्या लोकांना काही समजेना. एक बाई सावकाश चालायची, एक मुलगी तिच्या शेजारी यायची, थबकायची, पुढं जायची, वळसा घालून पुन्हा यायची. आधी पाय ठाम उभा राहत होता. मग नुसता आवरायला लागला. मग पुढं जाताना एकदा कचरल्यासारखा करी आणि निघे. संजीवनीताईंना ते कचरणं बरोबर कळायचं. ते दिवसेंदिवस कमी होत चाललं होतं. त्या घरी येऊन देवापुढं दिवा लावत आणि चार्जिंगच्या रिकाम्या सॉकेटकडं नजर जाई. हर्षवर्धननं फोनवर विचारलं, “आई, कशी आहेस?” तर म्हणाल्या, “पाय दुखतात. बाकी बरी आहे.” हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

परीक्षा तोंडावर आली. त्या सकाळी हवेत गारवा होता, मैदानाच्या कडेला चहाचा गाडा नुकताच लागत होता. गिरिजाही बघायला आली होती. संजीवनीताई चालायला लागल्या. मागून तबस्सुमची पावलं आली, तीच, टाच किंचित बाहेर वळणारी. शेजारी आली. संजीवनीताईंनी मनातल्या मनात त्या क्षणाची वाट बघितली.

पाय थांबला नाही. कचरलाही नाही. एका लयीत त्यांच्या शेजारून पुढं निघून गेला.

तबस्सुम पळतच राहिली. लांब, पलीकडच्या गोलखांबापाशी तिच्या लक्षात आलं, आणि ती मागं वळून ओरडली, “काकू! थांबला नाही! काकू!” तिचा आवाज आनंदाचा होता, आणि लगेच बारीक झाला. ती परत यायला निघाली.

संजीवनीताईंच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. पुसायला हात वर नेला असता तर तिला लांबूनही दिसलं असतं, आणि ती थांबली असती. म्हणून त्यांनी डोळे पुसले नाहीत. तोच हात उंच करून त्यांनी तिला पुढं जायची खूण केली, आणि आपल्या गुडघ्यांना झेपेल तशा एकट्याच चालत राहिल्या.